पाणीवापर संस्थांना गटसचिव द्या

चाळीसगावपासून धरणगावपर्यंत गिरणेच्या पाटाखालच्या कुठल्याही गावात पाणीवापर संस्थेची, म्हणजे कालव्याचं पाणी घेऊन आपसात वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेची, चौकशी करा. संस्था आहे, असंच उत्तर बहुधा मिळेल. नोंदणी आहे, अध्यक्ष आहे, शिक्का आहे, दप्तर कुणाच्या तरी घरच्या कपाटात आहे. मग पुढचं विचारा. गेल्या रब्बीत पाळीपत्रक, म्हणजे कुणाला कधी पाणी याचा तक्ता, कुणी केलं? मायनरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, तोंडावर पाणी कुणी मोजलं? लेखापरीक्षण शेवटचं कधी झालं? इथे बोलणारा माणूस आधी इकडेतिकडे पाहतो, मग म्हणतो, 'सचिव होता एक, तो आता पुण्याला कंपनीत लागला.'

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. शेतकऱ्यांच्या पाणी संस्था बुडतात त्या एकी नाही म्हणून, असं आपण सहज बोलून जातो. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच संस्था बुडतात त्या त्यांचं रोजचं काम करायला पगारी, शिकलेला, हाकेच्या अंतरावरचा माणूस नसतो म्हणून. संस्था काढायला योजना असते, अनुदान असतं, उद्घाटनाला मंत्रीही येतात. ती चालवायला लागणाऱ्या मदतीची कायमची सोय मात्र कुणीच करत नाही. ती सोय आता पाणीपट्टीच्याच पैशात बसवली पाहिजे, आणि विकास सोसायट्यांचं दप्तर सांभाळणारा पगारी गटसचिव असतो तसा पाण्यालाही हवा.

महाराष्ट्राने 2005 मध्ये सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. कायदा चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. त्याने पाणी मोजून द्यायचं ठरवलं, संस्थेला पाण्याची हक्कदारी दिली, मिळालेल्या पाण्यावर कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यावर सोपवलं, आणि संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना जागा दिली. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला मंडळात बसायचा कायदेशीर अधिकार मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातून जलक्षेत्र सुधार प्रकल्प मंजूर झाला. कालव्यांची दुरुस्ती झाली, संस्था भराभर नोंदवल्या गेल्या, पदाधिकाऱ्यांची प्रशिक्षणं झाली. पण प्रकल्प म्हटला की त्याला मुदत आली. मुदत संपली की गाडी, प्रशिक्षक, समन्वयक सगळे जातात, आणि शिकलेले पदाधिकारी पुढच्या निवडणुकीत बदलतात. नव्या मंडळाला शिकवायला कुणी उरत नाही.

हे काम काय असतं, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मायनरच्या तोंडाशी सिमेंटचा एक अरुंद गळा बांधलेला असतो. पाणी त्यातून जाताना शेजारच्या गेज पट्टीवर उंची वाचायची आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा. दिसायला सोपं आहे. पण प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण दीड घाताने वाढतो. म्हणजे पट्टीवर 20 सेंटिमीटरऐवजी 22 वाचलं, तर हिशेबात पाणी 10 नव्हे, 15 टक्क्यांनी जास्त धरलं जातं. पट्टीचा रंग उडालेला, पहाटेचा अंधार, वाचणारा घाईत. दोन सेंटिमीटर कुठे जातात कळतही नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. गळ्याच्या खालच्या बाजूला गाळ आणि बेशरमीची झुडपं साचली की पाणी मागे तुंबतं, पट्टीवर उंची वाढलेली दिसते आणि प्रत्यक्षात पाणी कमीच वाहत असतं. संस्थेच्या नावावर न मिळालेलं पाणी चढतं. वर्षअखेर बिल येतं, टेलचा शेतकरी म्हणतो, 'माझ्यापर्यंत पाणी उनंच नाही, पैसे कशाचे?' तो खरं बोलत असतो आणि बिलही नोंदीप्रमाणे बरोबर असतं. यावरून मायनरवर भांडण लागतं, वसुली थांबते, थकबाकी होते, आणि पुढच्या आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीला, संस्थेचं पाणी अडतं. सगळ्याचं मूळ एका न काढलेल्या गाळात असतं. तो गाळ ओळखणारा आणि शाखा अभियंत्यासोबत उभं राहून संयुक्त मोजणीचा आग्रह धरणारा माणूस संस्थेच्या बाजूने कुणी नसतो.

पाणी मोजणारं खातं आणि बिल देणारं खातं एकच आहे, जलसंपदा खातं. म्हणून 'खात्याचे कर्मचारी आहेतच की, ते संस्थांना मदत करतील' हा युक्तिवाद मला पटत नाही. खात्यात भली माणसं आहेत. पण कालवा निरीक्षक, मोजणीदार निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, आणि उरलेल्या एकाच्या अंगावर तिघांचं काम पडतं. त्याच्याकडून दप्तर शिकवण्याची अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे. शिवाय विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाचा हिशेबनीस व्हायचं, ही रचनाच चुकीची आहे.

मग संस्थेने स्वतःचा माणूस ठेवावा, असं कुणी म्हणेल. त्याचं गणित मांडून बघू. केंद्राच्या लाभक्षेत्र विकास कार्यक्रमात पाणीवापर संस्थांसाठी हेक्टरी 1200 रुपयांचं एकवेळचं कार्यात्मक अनुदान ठरलं होतं. त्यात केंद्र आणि राज्य 45-45 टक्के देणार, 10 टक्के शेतकऱ्यांनी घालायचे, रक्कम ठेवीत ठेवायची आणि व्याजावर संस्था चालवायची. 400 हेक्टरची संस्था धरा. ठेव झाली 4 लाख 80 हजार. सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला 28 हजार 800, म्हणजे महिन्याला 2400 रुपये. त्यात सचिवाचं मानधन, वह्या, ऑडिट, चारीची साफसफाई, पाटकऱ्याचा पगार. आज केळीच्या बागेत घड वाहणारा मजूरसुद्धा महिनाभर एवढ्यावर येणार नाही. हे अनुदान ठरवणाऱ्यांनी संस्थेची मदत म्हणजे एकदा दिलेली ठेव असं धरलं, आणि तिथेच चुकलं. मदत दर आवर्तनाला लागते.

फड पद्धतीचा दाखला इथे हमखास दिला जातो. द्यायलाच हवा, तो आपला आहे. साक्रीकडे पांझरेवर, पलीकडे मोसम-आरमच्या खोऱ्यात तीन-चारशे वर्षं शेतकऱ्यांनी बंधाऱ्यांचं पाणी स्वतः वाटलं. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला तर झळ सगळ्यांना सारखी. हे आपण कौतुकाने सांगतो. पाट काढायला घरटी माणूस जायचा, हेही सांगतो. त्यापुढची गोष्ट मात्र सांगायची राहते. फडात पाणी द्यायला पाटकरी होता, पाटकऱ्यांवर हवालदार होता, पीक राखायला जागल्या होता, आणि या सगळ्यांचं धान्य सुगीला ठरलेलं होतं. शेतकरी स्वतःच्या वाफ्यात पाणी वळवत नव्हता; पाटकरी देईल ते आणि तेव्हा घेत होता. म्हणजे या पद्धतीच्या पोटात बांधील, मोबदला घेणारी, पिढ्यान्‌पिढ्या काम शिकलेली माणसं होती. श्रमदान वर्षातून एकदा, पाटकरी बारा महिने.

दुसरं असं की फडही एकटा उभा नव्हता. बंधाऱ्याची मोठी मोडतोड झाली की गाव सरकारकडे बघत असे, इंग्रजांच्या काळात तर सरकारी अभियंते अशा कामांवर येत. 1884 मध्ये नोकरीत लागलेले तरुण विश्वेश्वरय्या सुरुवातीच्या काळात धुळ्याकडे होते आणि पांझरेच्या पाटाचं पाणी नाल्यापलीकडे नेणारा नळांचा सायफन त्यांनी बांधला. पाणी वाटायचं गावाने, अवघड बांधकामाला सरकारने, अशी ती विभागणी होती. पुढे वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, नदीतली वाळू गेली, ज्याला त्याला आपलं पीक हवं झालं आणि फड मोडत गेले. ते जसेच्या तसे परत येणार नाहीत, आणावेत असंही मी म्हणत नाही. पण त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यायचीच असेल, तर पाटकऱ्याचं ठरलेलं धान्य घ्यावं.

याची उलट बाजू तापीकाठाने भोगली. शहादा, शिंदखेडा, नंदुरबार भागात शेतकऱ्यांनी सहकारी उपसा सिंचन योजना काढल्या. जिद्द होती, नदी होती, जमीन काळी कसदार होती. पण उपसा योजना म्हणजे पंप, रोहित्र, मैलोन्‌मैल पाइपलाइन, वीजबिल आणि कर्जाचे हप्ते. पंपाची देखभाल कोण ठरवणार, बिलाची थकबाकी व्हायच्या आत पाण्याचा दर किती लावायचा हे कोण सांगणार, कर्जाची फेररचना कोण मागणार? प्रत्येक योजना आपापल्या ताकदीवर. एकामागून एक योजना बंद पडल्या, पंप गंजले, आणि कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर राहिला. ज्यांच्या शेतात वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब पोचला नाही, त्यांनाही नवं पीककर्ज मिळेना. एका अख्ख्या पिढीचा सहकारावरचा विश्वास तिथे उडाला. आता त्या योजनांच्या दुरुस्तीवर सरकारी खर्च होतो आहे, चांगलंच आहे. दुरुस्तीनंतर त्या चालवायला शेतकऱ्यांच्या हाती देताना मदतनीस यंत्रणा दिली नाही, तर तेच पुन्हा होईल.

जवळच्या नाशिक जिल्ह्यात वाघाड आहे. दिंडोरी तालुक्यातल्या त्या धरणावर 1990 च्या सुमारास पहिल्या संस्था झाल्या आणि पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांच्या महासंघाने चालवायला घेतला. देशभरातून लोक ते बघायला येतात. बघायला येणारे कालवा बघतात, द्राक्षबागा बघतात. मला तिथे महत्त्वाचं वाटतं ते ओझरचं समाज परिवर्तन केंद्र. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी संस्था काढून दिल्या आणि ते तिथून गेले नाहीत. वर्षानुवर्षं बैठका, हिशेब, खात्याशी पत्रव्यवहार, भांडणं मिटवणं चालू राहिलं. वाघाडचं यश शेतकऱ्यांचं आहेच, पण त्यामागे हटून न गेलेली मदत आहे. अशी ध्येयवेडी माणसं प्रत्येक धरणाला मिळणार नाहीत. म्हणून त्यांनी जे काम जीव लावून केलं, ते काम करणारी पगारी जागा निर्माण करायची.

बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. श्रीलंकेत गल ओया प्रकल्पात 1981 पासून तरुण संघटक गावागावांत राहायला पाठवले. ज्या कालव्यावर वरचे सिंहली आणि खालचे तमिळ शेतकरी होते, तिथे वरच्यांनी खालच्यांसाठी पाणी सोडायला सुरुवात केली. पण संघटकांच्या नोकऱ्या कायम नव्हत्या, शिक्षकाची जागा निघाली की ते निघून जात आणि संघटना घडवण्याचं काम पुन्हा नव्या माणसाच्या हाती येई. मेक्सिकोत 1990 च्या दशकात कालवे शेतकऱ्यांकडे दिले, तेव्हा एकेक संस्था हजारो हेक्टरची ठेवली. त्यामुळे तिला स्वतःचा व्यवस्थापक परवडला, आणि संस्थांच्या संघाने गाळ काढायची यंत्रंही सांभाळली. आपल्या दोन-चारशे हेक्टरच्या संस्थेने हे एकटीने करावं, ही अपेक्षा अवाजवी आहे. किर्गिझस्तानने 2002 मध्ये पाणी संस्थांचा कायदा केला आणि तालुक्यासारख्या पातळीवर संस्थांना मदत करणारे कक्ष उभारले. त्यांचं काम एवढंच, संस्थांना हिशेब, दुरुस्ती, नियोजन यात हात देणं. आणि आंध्र प्रदेशात 1997 मध्ये एका झटक्यात दहा हजारांहून जास्त संस्थांच्या निवडणुका झाल्या, जगभर गाजावाजा झाला. पुढे निवडणुका लांबत गेल्या, निधी आटला आणि उत्साहही. संख्येवर भाळू नये, इतकं तरी त्यातून घ्यावं.

आपल्याकडे यासाठी नवं काही शोधायला नको. गावच्या विकास सोसायटीला गटसचिव असतो. तीन-चार सोसायट्यांमध्ये मिळून एक माणूस, त्याची नेमणूक जिल्ह्याच्या देखरेख संस्थेकडून, पगारात सोसायट्यांची वर्गणी. पीककर्जाची मागणी, वसुली, सभेचं इतिवृत्त, ऑडिटची तयारी तोच करतो. अध्यक्ष बदलला तरी दप्तर बदलत नाही. दूध संघांचंही तसंच. गावच्या दूध डेअरीला जनावरांचा डॉक्टर, कृत्रिम रेतन, फॅट तपासणीचं यंत्र दुरुस्त करणारा माणूस एकटीने परवडत नाही; ती सोय संघ करतो आणि खर्च दुधाच्या व्यवहारातूनच निघतो. त्याला कुणी परावलंबन म्हणत नाही. पाण्याच्या संस्थेनेच तेवढं स्वयंभू असावं, हा हट्ट कशासाठी?

पाण्यासाठी असाच गटसचिव नेमायचा. पाच-सहा संस्थांमागे एक. 400 हेक्टरच्या सहा संस्था धरल्या आणि हेक्टरी 100 रुपये सेवावर्गणी घेतली, तर 2 लाख 40 हजार होतात, महिना 20 हजार. गावातला सहकाराचा कोर्स केलेला मुलगा किंवा मुलगी एवढ्यावर राहते. मागणी अर्ज, पाळीपत्रक, गेजची रोजची नोंद, वसुली, सभा हे त्यांचं काम. वीस-पंचवीस संस्थांमागे एक तंत्रज्ञ लागेल, जो मोजमापं तपासेल, गेट दुरुस्त करवून घेईल, बंदिस्त पाइपलाइन झाली असेल तर दाबाचं गणित समजावेल. त्याचा खर्च वर्गणीत बसणार नाही. त्यासाठी संस्थेने भरलेल्या पाणीपट्टीतला ठरलेला हिस्सा वरच्या तिजोरीत जाण्याआधीच ही माणसं सांभाळणाऱ्या, प्रकल्पाच्या पातळीवरच्या सेवा केंद्राकडे वळता व्हावा, आणि हा नियम शासन निर्णयात नको, कायद्याच्या नियमावलीत हवा. शासन निर्णय दर सरकारला बदलतात.

सरकारचा वाटा एका ठिकाणी अपरिहार्य आहे. गिरणा धरण दरवर्षी भरत नाही. ज्या वर्षी पाणी पिण्यासाठी राखलं जातं, त्या वर्षी शेतीला आवर्तन नाही, म्हणजे संस्थेला उत्पन्नही नाही. लागोपाठ दोन अशी वर्षं गेली की सचिव दुसरी नोकरी बघतो, आणि पाणी येतं तेव्हा संस्था पुन्हा कोरी झालेली असते. अशा वर्षांसाठी राज्याने राखीव निधी ठेवावा. वर्षभर रिकामं बसायचं कारणही नाही. चाऱ्यांचे नकाशे, लाभक्षेत्रातल्या विहिरींची नोंद ही कामं कोरड्या वर्षातच नीट होतात.

विहिरींचं बोलायलाच हवं, कारण खान्देशात खरा पेच तिथे आहे. पाटाच्या पाझराने विहिरी भरतात, त्या विहिरींवर ठिबक लावून केळी, कापूस पिकतो, आणि शेतकरी प्रामाणिकपणे म्हणतो की मी पाटाचं पाणी घेतच नाही. त्यामुळे तो मागणी अर्ज भरत नाही, संस्थेचं भिजलेलं क्षेत्र कागदावर कमी दिसतं आणि वसुली रोडावते. आवर्तन सुटल्यावर आठ दिवसांत कुठल्या विहिरीची पातळी किती चढली, याची तीन-चार वर्षांची नोंद ग्रामसभेत ठेवली तर बोलणं बदलू शकतं. जबरदस्तीने हे होणार नाही, नोंदीने होईल. पण नोंद ठेवणार कोण? पुन्हा तोच प्रश्न.

गटसचिव पद्धतीचे दोष मला दिसतात. अनेक जिल्ह्यांत गटसचिवांचे पगार महिनोन्‌महिने थकतात, देखरेख संस्था कंगाल झाल्या, नेमणुकांत राजकारण शिरलं. यातलं काही पाण्यातही शिरेल. म्हणून सेवा केंद्राच्या मंडळावर संस्थांचे निवडलेले प्रतिनिधी बहुमतात हवेत, त्यात टेलचे हवेतच, आणि दरवर्षी संस्थांनी सचिवाच्या कामावर मत द्यावं. काम नसेल तर बदली मागण्याचा हक्क त्यांना असावा. पैसे जिथून येतात तिकडेच माणूस तोंड करून उभा राहतो. वर्गणी संस्थांची असेल तरच तो संस्थांचा राहील. पाटावर मोटारी टाकून पाणी उचलणाऱ्या वरच्या धनदांडग्यांना मात्र गटसचिव आवरू शकणार नाही, ते काम खात्याचं आणि पोलिसांचं आहे, आणि ते त्यांनी टाळू नये.

केंद्राने एप्रिल 2025 मध्ये लाभक्षेत्र विकासाच्या आधुनिकीकरणाची 1600 कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात पाणी संस्थांना विकास सोसायट्या किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांशी जोडून पाच वर्षं हात धरून चालवण्याची तरतूद आहे. मदतीचा विचार निदान कागदावर आला, याचा मला आनंद आहे. पण पाच वर्षं म्हणजे संचालक मंडळाची जेमतेम एक मुदत. सहाव्या वर्षाचं काय, हे पहिल्याच वर्षी ठरवावं लागेल. तापी खोऱ्यातला जो प्रकल्प या योजनेत जाईल, त्याच्या हस्तांतर करारात सेवावर्गणीचा दर, पाणीपट्टीतला हिस्सा आणि गटसचिवाची नेमणूक या तीन गोष्टी लिहिलेल्या असल्याशिवाय संस्थांच्या अध्यक्षांनी सही करू नये. संयुक्त पाहणीच्या दिवशी गेज पट्टीसोबत हे कलमही तपासून घ्यावं.